शब्बीरभाई झाकणवाले

अकोल्यात नदीपलीकडे जाऊन नुसतं "शब्बीर मिस्त्री कुठं बसतात?" असं विचारलं, तर समोरचा उलट विचारत असे, "कोणते शब्बीर? रेडिएटरवाले का झाकणवाले?" माझे शब्बीरभाई म्हणजे झाकणवाले. जुन्या मोटारींच्या पेट्रोलच्या टाकीला जे झाकण असतं, तेवढंच ते शोधत, तेवढंच दुरुस्त करत, आणि जे कुठंच सापडत नसे ते घडवत. बाकी गाडीशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कोणी बॉनेट उघडून "जरा इंजिनाचा आवाज ऐका" म्हणालं की ते दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहत.

"थे आपलं काम नाई. टाकीच्या तोंडापाशी या."

त्यांना जाऊन दीड वर्ष होत आलं. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. माझे वडील बार्शीटाकळीला डॉक्टर होते. खेड्यापाड्यांत रोगी पाहायला जाण्यासाठी त्यांनी एक बुटकी, चार दारांची विलायती गाडी घेतली होती. ते गेल्यावर ती गाडी बरीच वर्षं पत्र्याखाली उभी होती. मी अमरावतीला चित्रकलेचा मास्तर. निवृत्तीला सात-आठ वर्षं उरली होती. एका सुटीत मनात आलं, गाडी चालू करू आणि घरी नेऊ. गावातल्या मेकॅनिकनं इंजिन चालू करून दिलं. टाकीचं झाकण कधीच हरवलेलं होतं. तिथं त्यानं चिंध्या कोंबल्या आणि वरून प्लास्टिकची पिशवी सुतळीनं बांधून दिली. "अकोल्यात झाकण भेटून जाईन," म्हणाला.

शब्बीरभाईंच्या दुकानासमोर मी गाडी थांबवली तेव्हा ते पितळेच्या एका चकतीवर कानस चालवत होते. किडकिडीत शरीर, मेंदी लावलेली दाढी, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. ते उठले, गाडीच्या मागं गेले, सुतळी सोडली आणि ओली चिंधी बाहेर काढून नाकाशी नेली. मग पुढं आले, खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली काढून खिशात टाकली.

"चाबी माह्यापाशी राहीन."

"अहो, मला अमरावतीला पोचायचंय. उद्या शाळा आहे."

"मंग एसटी हाये ना."

"माझी गाडी आहे."

"असन. गाडी तुमचीच हाये. पण चिंधी लावलेली गाडी माह्या दुकानासमोरून पुढं जात नाई."

मी चिडलो, आवाज चढवला, शेजारचे दोन-तीन दुकानदार गोळा झाले. त्यातला एक हळूच म्हणाला, "साहेब, जाऊ द्या. या बाबतीत थे कोणाचंच ऐकत नाईत." मी तणतणत एसटी स्टँडवर गेलो.

गाडी तीन आठवडे तिथंच होती. मधे त्यांचा फोन येई. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकच प्रश्न. "तुमच्या बाबाच्या गाडीचं झाकण सपाट होतं का फुगीर?" मला आठवेना. शेवटी घरातला एक फोटो सापडला. दोन-अडीच वर्षांचा मी गाडीच्या मागच्या मडगार्डवर बसलेलो आणि माझ्या पायाशी ते झाकण. फोटो बोटभर, झाकण त्यात मुगाएवढं. मी भिंगातून पाहून ते मोठं करून कागदावर काढलं, समोरून आणि बाजूनं, आणि चित्र घेऊन अकोल्याला गेलो.

शब्बीरभाईंनी ते चित्र उजेडात धरून किती तरी वेळ पाहिलं.

"मास्तर, फोटोत झाकणाले एकच कान दिसून राह्यला. तुमी दोन काढले."

"दुसरा माझ्या पायाखाली असणार. एका कानानं झाकण बसेल कसं?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "बसा. चहा घ्या," म्हणाले.

त्या दिवसापासून मी त्यांचा चित्रकार झालो. पुण्या-इंदूरकडचे शौकीन लोक त्यांना फोटो धाडत, बहुतेक धूसर. ते फोटो शब्बीरभाई माझ्याकडं पाठवत आणि मी मापाची चित्रं काढून देई. कधी मी अकोल्याला जाई, कधी ते अमरावतीला येत. अमरावतीला आले की स्टँडवरून थेट माझ्या घरी आणि घरून थेट स्टँडवर. "गावात काही काम नाही का? कोणी नातेवाईक?" असं एकदा माझ्या बायकोनं विचारलं, तर म्हणाले, "हायेत," आणि बशीतला चहा फुंकत राहिले.

त्यांचं काम पाहत बसावंसं वाटे. झाकण ही किती साधी गोष्ट असं मला वाटायचं. त्यांनी मला शिकवलं की झाकणात एक बारीक भोक असतं, हवा आत जाण्यापुरतं. ते बुजलं तर पेट्रोल पुढं सरकत नाही, गाडी आचके देते. मोठं झालं तर वळणावर पेट्रोल सांडतं. आतला बुचाचा वायसर ते जवसाच्या तेलात दोन दिवस मुरवत. झाकण तयार झालं की तपासायची त्यांची स्वतःची रीत होती. एका जुन्या टाकीचं कापलेलं तोंड त्यांच्याकडं होतं, खाली डबा जोडलेलं. त्यात रॉकेल भरायचं, झाकण लावायचं, दोन-तीनदा घुसळायचं आणि उलटं करून वर्तमानपत्रावर ठेवायचं. मग ते दुपारचा जोहरचा नमाज पढून येत. कागदावर मोहरीएवढा डाग दिसला तरी झाकण पुन्हा कानसीखाली. गिऱ्हाईक म्हणे, "एवढं चालते हो शब्बीरभाई." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"इंजिन बिघडलं तं गाडी थांबते. झाकण गेलं तं गाडी चालतेच. थेच वाईट हाये."

झाकणं शोधायला ते एसटीनं अख्खा वऱ्हाड फिरत. भंगारवाले त्यांना ओळखत. पण खरी झाकणं भंगारात नसतात, घरांत असतात, असं ते म्हणत. कुणाच्या घरी त्यात उदबत्ती खोचलेली, कुणाकडं ते लोणच्याच्या बरणीवर. एकदा मी त्यांच्याबरोबर रिद्धपूरला गेलो होतो. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंकडं आम्हाला हवं तसं झाकण आहे असं कळलं होतं. बाईंचा नवरा एका जमीनदाराच्या गाडीवर ड्रायव्हर होता. आम्ही पोचलो तर बाई अंगणात गहू निवडत होत्या. झाकणाचं नाव काढताच त्यांनी आत जाऊन ते आणलं. देवळीत ठेवलेलं होतं. अस्सल निकेलचं, कडेला पोचा आलेला.

"याइचा जीव गेला तवा हे खिशात होतं," बाई म्हणाल्या. "पेट्रोल भरलं अन् तिथंच छातीत कळ आली. मालकानं गाडी नेली, हे कोणी मागतलंच नाई."

शब्बीरभाईंनी ते हातात घेतलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं पाहत होतो. तसल्या झाकणासाठी ते चार वर्षं हिंडत होते. त्यांनी विचारलं, "माय, घटकाभर घेऊ का? इथंच बसतो." बाईंनी मान हलवली. त्यांनी पिशवीतून प्लास्टर काढलं, अंगणातच साचा घेतला, मग झाकण चिंचेनं घासून, धुऊन, लख्ख करून बाईंच्या हातात परत दिलं. पोचा तसाच ठेवला.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "मागितलं असतं तर दिलं असतं त्यांनी."

"देल्लं असतं," ते म्हणाले. "पेट्रोल भरताना त्या माणसानं झाकण खिशात ठेवलं, मास्तर. टपावर नाई ठेवलं."

मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. त्यांची एक सवय मात्र माझ्या लक्षात होती. माझ्या गाडीत पेट्रोल भरायचं असलं की ते आधी खाली उतरत, झाकण स्वतः काढत आणि मुठीत घट्ट धरून उभे राहत. तेवढ्यात फोन वाजला तरी घेत नसत, ओळखीच्या माणसानं सलाम केला तर मानेनंच उत्तर देत.

अर्थ कळला तो अमरावतीत. माझी बायको ज्यांच्याकडं शिवायला कपडे टाकायची त्या नसीमाभाभींकडं मी एकदा तयार कपडे आणायला गेलो. गाडी त्यांच्या दारासमोर लावली. आत खाटेवर एक वयस्क गृहस्थ बसले होते. चेहऱ्याची डावी बाजू भाजून ताणल्यासारखी, दोन्ही हातांची बोटं एकमेकांना चिकटून गेलेली. ते दारातून माझ्या गाडीकडं एकटक पाहत होते.

"साहेब, त्या गाडीचं झाकण कोणी केलं?"

"अकोल्याचे शब्बीरभाई म्हणून आहेत."

शिलाई मशीन थांबलं. नसीमाभाभींनी वर पाहिलं. त्या गृहस्थांनी मला झाकण आणून दाखवायला सांगितलं. मी आणून दिलं. त्यांनी ते दोन्ही मनगटांत धरलं, कानाशी नेलं आणि हलवलं.

"आतली पत्ती वाजत नाई," ते म्हणाले. "त्याचंच काम हाये. मी त्याचा मोठा भाऊ. युनूस."

मी खाटेच्या कडेला बसलो. शब्बीरभाईंना भाऊ आहे आणि ते म्हणजे नसीमाभाभींचे यजमान, हे मला ठाऊक नव्हतं. युनूसभाई एवढंच म्हणाले, "तीस-बत्तीस वर्षं झाली. ईदले दर साल काजू-बदाम धाडते, कोणाच्या ना कोणाच्या हातानं. सोता येत नाई. त्याले म्हणा, मी काई रागात नाई. कवाच नव्हतो. म्हणा, भाईनं बलावलं."

पुढच्या रविवारी मी अकोल्याला गेलो आणि निरोप सांगितला. शब्बीरभाई झिलई देणाऱ्या बफिंगच्या चाकावर झाकण धरून होते. त्यांनी चाक बंद केलं नाही. झाकणाची दुसरी कड चाकाला लावत विचारलं, "हात कसे हायेत?"

मी सांगितलं.

"जेवते कसा?"

"भाभी भरवतात."

तेव्हा त्यांनी बटण बंद केलं. चाक फिरत फिरत थांबलं. मग खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं. त्यांनी ते मला एकदाच सांगितलं, मीही पुन्हा कधी विचारलं नाही.

दोघा भावांची मिळून एक टॅक्सी होती, वडिलांच्या वेळची जुनी गाडी. अमरावती ते चिखलदरा प्रवासी नेत. गाडी युनूसभाई चालवत, बाकी सगळं शब्बीर पाही. त्या दिवशी परतवाड्याला शब्बीरनं पेट्रोल भरलं, झाकण टपावर ठेवलं, तेवढ्यात कुणी ओळखीचं भेटलं, आणि बोलता बोलता तो तसाच गाडीत बसला. पाच-सहा मैल गेल्यावर लक्षात आलं. युनूसभाई म्हणाले, "मागं फिरून पाहू का? पडलं असन रस्त्यात." शब्बीर म्हणाला, "एका झाकणासाठी काहून मागं जायचं? चिंधी कोंब."

घाटात चढणीवर पेट्रोल सांडत राहिलं. वास आला म्हणून युनूसभाईंनी गाडी थांबवली, प्रवाशांना उतरवलं. शब्बीर त्यांना घेऊन पुढं वळणापाशी उभा राहिला. युनूसभाई मागं गेले, वाकले, आणि तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकणाऱ्या पेट्रोलनं पेट घेतला. चिंधी त्यांनी हातानं ओढून काढली होती. ती त्यांच्या हातातच पेटली.

"प्रवाशाईले काई झालं नाई," शब्बीरभाई म्हणाले. "सगळे बोलले, अल्लानं वाचवलं. दवाखान्यात मी दोन महिने त्याच्यापाशी होतो. त्यानं एकदाबी मले काई म्हणलं नाई. शिव्या देल्ल्या असत्या तं मी गेलो असतो, मास्तर. त्यानं फक्त विचारलं, शब्बीर, तुले कुठी लागलं तं नाई? मंग मले त्याच्यासमोर उभं राहता येईना."

मी म्हटलं, "आता बोलावलंय ना त्यांनी."

"येईन. एक काम करतो, मंग येईन."

ते काम म्हणजे एक चमचा. मनगटाला पट्ट्यानं बसणारा, बोटं नसली तरी हात वळवला की तोंडापर्यंत पोचेल असा. त्यासाठी त्यांना युनूसभाईंच्या हाताची मापं हवी होती. मी तीन वेळा नसीमाभाभींकडं गेलो. युनूसभाई खाटेवर हात पसरून बसत आणि मी चित्र काढी. आयुष्यभर पोरांना हात काढायला शिकवले, पण तसं कठीण चित्र मी कधी काढलं नाही. युनूसभाई गमतीनं म्हणत, "नीट काढजा मास्तर, आमचा मिस्त्री लय किचकट हाये."

चमचा तयार व्हायला चार महिने लागले. पहिला जड झाला. दुसऱ्याचा पट्टा रुतेल असं त्यांना वाटलं. मी म्हणे, "अहो, घालून तर पाहू द्या त्यांना." ते म्हणत, "नाई, त्या हाताले अजून त्रास नोको." त्या चार महिन्यांत ईद झाली, हिवाळा सरला. मी एक रविवार ठरवला, गाडी घेऊन येतो, तुम्हाला नेतो आणि आणून सोडतो म्हणालो. ते हो म्हणाले. त्याच आठवड्यात परीक्षेच्या कामाला मला जुंपलं आणि मी फोन करून पुढचं पाहू म्हणालो. "काई हरकत नाई, उन्हाळा जाऊ द्या," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातली सुटका मला स्पष्ट ऐकू आली होती. ती ऐकूनही मी गप्प बसलो, हे मला अजून खुपतं.

चमचा शेवटी त्यांनी माझ्याच हाती दिला. पितळेचा, वर कल्हई केलेला, आतून मऊ चामडं. नसीमाभाभींनी तो युनूसभाईंच्या मनगटाला बांधला आणि पुढ्यात वरण-भाताची थाळी ठेवली. पहिला घास मांडीवर सांडला. दुसरा अर्धा तोंडात गेला. तिसऱ्याला त्यांचा हात नीट वळला. नसीमाभाभी पाणी आणते म्हणून आत गेल्या, त्या लवकर बाहेर आल्या नाहीत. युनूसभाईंनी थाळी संपवली. कोणाच्या मदतीशिवाय जेवायला त्यांना आमच्यापेक्षा दुप्पट वेळ लागला, पण मधे त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

तोंड पुसून झाल्यावर ते म्हणाले, "चमचा आला. बनवणारा कुठी हाये?"

मी जसंच्या तसं शब्बीरभाईंना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या जुम्म्यानंतर येतो. बसनंच येतो, तुमी त्रास घेऊ नोका."

युनूसभाई त्याच आठवड्यात गेले. ऊन लागलं, ताप चढला आणि दोन दिवसांत संपलं. मी शब्बीरभाईंना कळवलं. ते पोचेपर्यंत जनाजा कब्रस्तानाच्या फाटकापाशी आला होता. मी कडेला उभा होतो. ते गर्दीत शिरले, पण खांदा द्यायला पुढं होईनात. मागंच चालत राहिले. शेवटी मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्यानं त्यांचा दंड धरून त्यांना पुढं आणलं आणि स्वतःची जागा दिली. जेमतेम दहा पावलं उरली होती.

त्यानंतर त्यांनी कामं घेणं बंद केलं. मी फोटो आलेत म्हणून फोन केला तर म्हणाले, "डोळे बसत नाईत आता." डोळ्यांना काही झालं नव्हतं. पावसाळ्यानंतर एका शुक्रवारी ते नमाजाला निघाले, उंबऱ्यात बसले, आणि तिथंच गेले. त्यांच्या बेगमचा फोन आला तेव्हा मी शाळेत होतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते युनूसभाईंच्या चाळिसाव्याच्या दिवशी. फातेहा झाली, लोक जेवून गेले. मी निरोप घ्यायला म्हणून थांबलो होतो. शब्बीरभाई तोवर दारातच उभे होते, पायातल्या चपला न काढता. नसीमाभाभी त्यांच्याशी घरच्या बोलीत बोलल्या. "अंदर आओ शब्बीर. वो रोज पूछते थे. बस की आवाज आयी तो बोलते थे, देखो, शब्बीर आया क्या."

शब्बीरभाईंनी चपला काढल्या. आत आले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि खाटेपाशी येऊन थांबले.

"भाभी, भाई किधर बैठते थे?"

भाभींनी दाराकडची बाजू दाखवली. तिथून रस्ता दिसे. शब्बीरभाई खाटेच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या कडेला, अंग चोरून बसले. दाराकडची बाजू त्यांनी रिकामी ठेवली. भाभींनी चहा आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत.

मी "येतो" म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नसावं. ते वळून खाटेच्या त्या रिकाम्या बाजूकडं पाहत होते, आणि मी बाहेर येऊन गाडी सुरू केली तरी तसेच पाहत बसले होते.